डिश नेमकी कुठे बघते? छतावरचा भूमितीचा पाठ



पावसाळा सरत आला की वस्तीवर हमखास ऐकू येणारी एक तक्रार म्हणजे, "सर, टीव्हीला सिग्नलच नाही." कधी वाऱ्यानं डिश हललेली असते, कधी माकडानं उडी मारलेली असते, कधी पत्रे बदलताना कुणाचा तरी धक्का लागलेला असतो. ज्या घरात इंटरनेट आहे तिथे याचं फारसं अडत नाही. पण ज्या घरात महिन्याचे पैसे न भरता चालणारी डीडी फ्री डिश हाच एक आधार आहे, तिथे मुलांचं नुकसान होतं. पहिली ते बारावी, प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी अशी पीएम ई-विद्याची सोय २०२० पासून आहे, आणि डिश हलली की तीही गेली. डिश बसवणारा माणूस तालुक्याहून येईपर्यंत चार-पाच दिवस जातात, शिवाय त्याचे पैसे वेगळे.

खरं तर हे काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. लागतं काय? होकायंत्र, कोनमापक, दोरा, एक जड नट आणि पाना. सहावी-सातवीच्या मुलाला सोबत घ्या. कोन, दिशा, रेखांश हे सगळं त्याला वहीबाहेर पाहायला मिळेल.

आधी मुलाला विचारा, उपग्रह कुठे आहे? बहुतेक मुलं "वर" म्हणतात. फ्री डिशचं प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतं. तो विषुववृत्ताच्या बरोबर वर, जवळपास ३५,८०० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीच्या एका फेरीला जितका वेळ लागतो तितकाच त्याच्या एका फेरीला लागतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी थांबल्यासारखा असतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे तो आपल्या दक्षिणेला. आपले रेखांश ७३ ते ८१ च्या दरम्यान, म्हणजे तो आपल्या पूर्वेलाही. दक्षिण आणि पूर्व मिळून आग्नेय. इतकं मुलानं नकाशा पाहून स्वतः सांगितलं तर निम्मा पाठ झालाच म्हणायचा.

आता नेमका आकडा. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित जरूर करायला द्या. पुण्याचा रेखांश ७३.९, उपग्रहाचा ९३.५, फरक १९.६ अंश. या फरकाचा टॅन ०.३५६. पुण्याच्या अक्षांशाचा (१८.५) साइन ०.३१७. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की १.१२ येतात, आणि ज्या कोनाचा टॅन १.१२ आहे तो कोन ४८ अंशांचा. १८० मधून ४८ गेले, राहिले १३२. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं १३२ अंश मोजले की पुण्यातून उपग्रहाची दिशा मिळाली. क्षितिजापासून त्याची उंची ५९ अंश येते. अशाच हिशोबानं मुंबईत दिशा १३१ आणि उंची साधारण ५७.५, रत्नागिरीत १२८.५ आणि ५९, छत्रपती संभाजीनगरात १३६ आणि ५९, नागपुरात १४४.५ आणि ६०, गडचिरोलीत १४५ आणि ६२. बघा, राज्यभर उंचीत फारसा फरक नाही, दिशेत मात्र रत्नागिरी ते गडचिरोली सोळा-सतरा अंशांचा आहे. कोकणातल्या पाहुण्यानं "आमच्याकडे अशी असते" म्हणून विदर्भात डिश फिरवली तर काही मिळणार नाही.

होकायंत्र लोखंडी खांबाजवळ किंवा पत्र्यावर धरू नका, ते फसवतं. मोबाइलमधलंही फसवतं. दोन-तीन मीटर दूर उभं राहून दिशा घ्या आणि त्या रेषेत समोरचं झाड, टाकी, घराचा कोपरा अशी काहीतरी खूण ठरवा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक महाराष्ट्रात अगदी थोडा आहे, तो सोडून दिला तरी चालतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टीत. उपग्रह ५९ अंश उंच, मग डिशचं तोंडही ५९ अंश वर हवं असं आपल्याला वाटतं. पण शेजारची चालू डिश पाहा, ती त्यापेक्षा बरीच खाली बघताना दिसते. याचं कारण तिच्या आकारात आहे. लांबून आलेले समांतर किरण परवलयाकार भांड्यावर पडले की परावर्तित होऊन एका बिंदूत जमतात. त्या बिंदूवर दांडीच्या टोकाला एलएनबी बसवलेला असतो. तो भांड्याच्या ऐन मध्यासमोर आला तर त्याचीच आडकाठी होईल, म्हणून घरगुती डिश हा मोठ्या परवलयाचा एका बाजूचा तुकडा असतो. त्यामुळे डिशचं तोंड जिथे दिसतं त्याच्या वीस ते सव्वीस अंश वरून ती सिग्नल घेते. हा फरक २४ अंश धरला तर पुण्यात डिश उभ्या रेषेपासून मागे कलायला हवी ५९ वजा २४, म्हणजे ३५ अंश. एक सरळ काठी डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकवा, कोनमापकाला दोरा-नट बांधून काठीला लावा आणि मुलाला वाचायला सांगा. डिशच्या मागच्या पट्टीवरही आकडे कोरलेले असतात. ते बहुधा हा फरक धरूनच दिलेले असतात, तिथे उपग्रहाची उंचीच लावायची.

पण त्या आकड्यांना अर्थ कधी? खांब उभा असेल तेव्हाच. गवंड्याचा ओळंबा आणा आणि खांबाला दोन बाजूंनी लावून बघा. खांब तिरका असला तर डिश फिरवताना दिशेबरोबर उंचीही बदलत जाते, मग दिवसभर फिरवा. माझ्या मते निम्म्याहून जास्त डिशा इथेच अडतात.

आता सेट-टॉप बॉक्सवर सिग्नलचा पडदा उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ डिश भलतीकडे असली तरी दिसते, तिच्यावर जाऊ नका. क्वालिटी शून्यावरून उठली की उपग्रह सापडला. उंची पक्की करून डिश डावीकडून उजवीकडे अगदी हळू सरकवा, दर वेळी बोटभराहून कमी, आणि प्रत्येक सरकवणीनंतर तीन-चार सेकंद थांबा. बॉक्सला तेवढा वेळ लागतो. वरून "आलं का?" आणि खालून "आलं, आलं... गेलं!" हा घरोघरचा संवाद या न थांबण्यामुळेच होतो. एवढी फेरी करूनही काही मिळालं नाही तर उंची एक अंश बदला आणि पुन्हा फेरी. मिळालं की शेवटी एलएनबी त्याच्या कड्यात थोडा थोडा फिरवून क्वालिटी कुठे वाढते ते पाहा.

इतकी नाजूक सरकवणी कशासाठी, तेही मुलांना मोजू द्या. ६० सेंटीमीटरच्या डिशसाठी एक अंश म्हणजे कडेला जेमतेम अर्धा सेंटीमीटर. उपग्रहापाशी तोच एक अंश सुमारे ६४० किलोमीटरचा होतो. दीड अंश चुकलं की सिग्नल साधारण निम्मा. आणि बरोबर दीड अंशावर, ९५ पूर्वेला, डिश टीव्हीचा उपग्रह आहे, म्हणजे क्वालिटी दिसूनही वाहिन्या भलत्याच येऊ शकतात. टाटा प्लेसाठी ८३ पूर्व, एअरटेलसाठी १०८. एकाच चाळीतल्या डिशा वेगवेगळीकडे का बघतात, हे मुलांना आता न सांगता कळेल.

आणखी एक गंमत. १२ मार्चच्या आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य आपल्याकडून पाहता बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र अडखळतं, तेव्हा डिशला हात लावू नका, ती आपोआप ठीक होते. उलट सूर्याकडे न पाहता जमिनीवर काठी उभी करा. तिच्या सावलीच्या बरोबर उलट दिशेला उपग्रह, आणि त्या दिशेत काही आडवं येतंय का तेही दिसेल. आंब्याची एक फांदी पुरते.

ही सोय आली कुठून, तेही सांगायला हवं. १९७५-७६ मध्ये इस्रोने नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही पोचवला होता. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावकऱ्यांसाठी. तेव्हाची डिश तीन मीटरची आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची! त्या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर होती, जाळीची भोकं त्यापुढे किरकोळ. आजच्या लहरी अडीच सेंटीमीटरच्या, म्हणून डिश सलग पत्र्याची लागते आणि तिला पडलेला छोटा पोचाही त्रास देतो.

मुलाला मात्र जमिनीवर, बॉक्ससमोर किंवा कोनमापकासह अंगणातच ठेवा. ओल्या पत्र्यावर आणि कौलांवर कुणीच चढू नये. वीज चमकत असेल किंवा जवळून विजेची तार गेली असेल तर चार दिवस टीव्ही बंद राहिला तरी हरकत नाही. जमत असेल तर डिश छताऐवजी अंगणातल्या पक्क्या खांबावर लावा. आग्नेयेला आकाश मोकळं असलं की बास, उंचीनं सिग्नल वाढत नाही.

नट आवळताना एकदम एकच आवळू नका, आळीपाळीनं थोडे थोडे आवळा आणि क्वालिटीवर लक्ष ठेवा, कारण आवळतानाच डिश अर्धा अंश सरकते. केबल एलएनबीकडे चढण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी जोडात न शिरता तिथूनच गळून जाईल. आणि सगळं जमलं की खांबावर आणि डिशच्या पट्टीवर ऑइलपेंटनं एकाच रेषेत खूण करून ठेवा. पुढच्या वादळानंतर त्या दोन खुणा जुळवल्या की काम भागेल.