कर्मचारी प्रशिक्षण : ऐकलेले पुन्हा म्हणावे

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात मराठी, सिंधी आणि हिंदी एकत्र नांदतात; रुग्णालयात त्यांत इंग्रजीची भर पडते. दूरध्वनीवरून सांगितलेल्या औषधाच्या मात्रेतील ‘फिफ्टीन’चे ‘फिफ्टी’ ऐकू आले, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून प्रशिक्षणात आम्ही एका सवयीवर भर देतो : तोंडी आदेश लिहून घ्यावा, वाचून दाखवावा, अंक ‘एक, पाच’ असे सुटे उच्चारावेत आणि डॉक्टरांच्या होकारानंतरच औषध द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ साली रुग्णसुरक्षेच्या नऊ उपायांत रुग्णाची जबाबदारी सोपवितानाच्या संवादाला स्थान दिले. कनिष्ठ परिचारिकेने पुन्हा विचारल्यास वरिष्ठांनी रागावू नये. भीतीपोटी न विचारलेला प्रश्न रुग्णालाच भोवतो.