खोल दंतक्षय आणि रौप्य-फ्लुओराइड

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे शासकीय दंतमहाविद्यालय आहे. बस्तरमधील जगदलपूर तेथून सुमारे ३०० किलोमीटर दूर असून कित्येक खेडी त्याहूनही आडबाजूला आहेत. अशा खेड्यातील मुलाचा दात किडला, तर तो यंत्राने कोरून भरून घेणे सोपे नसते. आणि तोवर कीड खोल जात राहते. तिला जागीच थोपविणारे एक साधे औषध आहे. त्याचे नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड.

किडलेल्या दातात अळी नसते. तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या कठीण आवरणातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळतात आणि खळगा पडतो. पुढे त्याखालचा मऊ थर पोखरला जातो. त्याच्याही आत नसा व रक्तवाहिन्या असलेला दाताचा गर असतो. कीड तेथे पोहोचली की ठणका लागतो.

दंतक्षयावर रौप्यसंयुगे वापरण्याची कल्पना जुनी आहे. १९१७ मध्ये अमेरिकेत पर्सी हाउ यांनी अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट सुचविले होते. चांदी व फ्लुओराइड यांचा संयोग करणारे औषध जपानमध्ये सिद्ध झाले आणि १९७० मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घातले.

या औषधातील चांदी जीवाणूंचा नाश करते. फ्लुओराइड मऊ पडलेल्या भागास पुन्हा कठीण होण्यास साहाय्य करते. आणि अमोनियामुळे द्रावण टिकाऊ राहते. खळगा स्वच्छ व कोरडा करून दंतवैद्य लहानशा कुंचल्याने त्यात द्रव लावतो व सुमारे एक मिनिट मुरू देतो. सुई टोचावी लागत नाही, दात कोरावा लागत नाही. बहुधा दर सहा महिन्यांनी हा उपचार पुन्हा करतात. दुधाच्या दातांवरील अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत सुमारे ८० टक्के कीड थांबल्याचे आढळले आहे.

छत्तीसगडच्या काही भागांत भूजलातच फ्लुओराइड प्रमाणाबाहेर असते. तेथे हे औषध चालेल काय, अशी शंका साहजिकच येईल. पाण्यातील फ्लुओराइड वर्षानुवर्षे रोज पोटात जाते. औषधाचा मात्र थेंबच लागतो. ३८ टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटराच्या चाळिसाव्या भागात सुमारे १ मिलिग्रॅम फ्लुओराइड असते. तरीही द्रव अत्यंत तीव्र असल्याने तो घरी वापरण्याजोगा नाही.

या उपचाराला मर्यादाही आहेत. किडलेला भाग कायमचा काळा पडतो; म्हणून पालकांना ते आधी सांगून त्यांची संमती घेतली पाहिजे. ओठांना वा त्वचेला द्रव लागल्यास डाग पडतो, पण तो काही दिवसांत जातो. खळगा आपोआप बुजत नाही. तो पुढे भरून घ्यावा लागतो. ज्यांना चांदीचे वावडे आहे त्यांना हे औषध देत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा वेळेची आहे. दात रात्री आपोआप ठणकत असेल, हिरडीवर पुवाची पुळी आली असेल किंवा गाल सुजला असेल, तर कीड गरापर्यंत गेली असे समजावे. अशा दाताला हे औषध वाचवू शकत नाही. त्याला निराळे उपचार लागतात, किंवा तो काढावा लागतो. म्हणून दात दुखेपर्यंत थांबू नये. तपकिरी खळगा दिसताच दंतवैद्याकडे जावे, गोड खाणे आवरावे आणि दात रोज घासावेत.