'शिवकल्याण राजा' : एका ध्वनिमुद्रिकेचा अभ्यास

शिवजयंतीच्या दिवशीं ध्वनिक्षेपकांवरून जीं गाणीं आपल्या कानांवर पडतात, त्यांपैकीं कित्येक एकाच ध्वनिमुद्रिकेंतील आहेत, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असते. तिचें नांव 'शिवकल्याण राजा'. शिवराज्याभिषेकास तीनशें वर्षें पूर्ण झालीं त्या १९७४ सालीं हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनें ती प्रसिद्ध केली. गायिका लता मंगेशकर, संगीतकार त्यांचे धाकटे बंधु हृदयनाथ, आणि निवेदक बाबासाहेब पुरंदरे. क्रमिक पुस्तकांतील कविता ज्या बारकाईनें वाचावयाची, त्याच बारकाईनें ही मुद्रिका ऐकण्याजोगी आहे. आणि भोर व वेल्हे येथील मुलांस तर तिचें एक विशेष अगत्य आहे.

प्रथम तबकडीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. ही लाख म्हणजे रानांतील पळस, बोर इत्यादि झाडांवर कीटक जी तयार करितात तीच. तशा दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां तासभर रंगणारी गायकी तिला एवढ्याच अवकाशांत आटोपावी लागली. अनेक सुट्या तबकड्या ठेवण्यासाठीं छायाचित्रांच्या वहीसारखी पाकिटांची वही करीत, तिला आल्बम म्हणत. वही गेली, शब्द मात्र मागें राहिला. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत दीर्घ वादनाची तबकडी निघाली. ती मिनिटास सुमारें ३३ फेरे घेई, तिच्या खाचा फार बारीक असत, आणि एका बाजूस वीस मिनिटें व त्याहूनही अधिक गायन मावे. त्यामुळें सुटें गाणें ऐकविण्याऐवजीं एखादा विषय आरंभापासून अखेरपर्यंत ऐकवितां येऊं लागला. 'शिवकल्याण राजा' या सोयीवांचून संभवलीच नसती. गाण्यांच्या मधून मधून पुरंदऱ्यांचें निवेदन येतें, आणि कीर्तनकाराचें आख्यान जसें पदांना एका सूत्रांत ओवतें, तसें तें या निरनिराळ्या कवितांना ओवतें.

त्या कविता निरनिराळ्या म्हणजे किती निरनिराळ्या, हें पाहण्यासारखें आहे. समर्थ रामदास आणि कवि भूषण हे सतराव्या शतकांतील. गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, हे १९१९ सालीं वारले. यांशिवाय सावरकर आणि कुसुमाग्रज. यांपैकीं एकानेंही आपली कविता तबकडीसाठीं लिहिलेली नव्हती. म्हणून चाली बांधण्यापूर्वीं हृदयनाथांस निवड करावी लागली, आणि माझ्या मतें या मुद्रिकेचें अर्धें यश त्या निवडींतच आहे. ही निवड कोठून आली असावी, याचा थोडा माग घराण्याच्या इतिहासांत लागतो. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ यांच्या बळवंत संगीत मंडळीनें गडकऱ्यांचें 'भावबंधन' आणि सावरकरांचें 'संन्यस्त खड्ग' हीं नाटकें रंगभूमीवर आणिलीं. दीनानाथ १९४२ सालीं निवर्तले तेव्हां हृदयनाथ चार वर्षांचे होते, आणि तेराव्या वर्षीं असलेल्या लताबाईंस त्याच सालापासून गाण्यावर घर चालवावें लागलें. बत्तीस वर्षांनीं, चव्वेचाळीस वर्षांच्या वयांत, वडिलांच्या नाटककारांपैकीं दोघांच्या कविता भावाच्या चालींत गाण्यास त्या उभ्या राहिल्या. दीनानाथ रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत; कन्येनें या तबकडीवर रणांत पडलेल्या पुरुषाचा आवाज दिला.

कविता चालीवर चढली कीं ती वाचकांपुरती राहत नाहीं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचीं भजनें आपल्या मंडळ्यांतून टिकलीं तीं पुस्तकांतून वाचून नव्हे, तर टाळमृदंगावर गाऊन. तोच न्याय येथें लागू आहे. भूषणाचें कवित्त व्रज भाषेंतील. एकामागून एक पौराणिक उपमा देत कवि शिवाजीराजांपर्यंत येतो. पहिल्या उपमेंतील जंभासुर कोण, हें आमच्या वर्गांत विचारलें तर उत्तर क्वचितच मिळेल, आणि तरीही तेंच कवित्त मुलें सर्वांत मोठ्यानें म्हणतात!

आतां अगत्याची गोष्ट. गोविंदाग्रजांची कविता ही जिजाबाईंनीं बाळ शिवबास म्हटलेली अंगाई आहे. सारें जग निजलें, तूंच कां जागा, असें ती आई विचारते, आणि निजलेल्यांत बारा मावळांचेंही नांव घेते. हीं मावळें म्हणजे पुस्तकांतील कल्पना नव्हे. हिरडस मावळ, रोहिड खोरें आणि वेळवंड खोरें हीं भोर तालुक्यांत. गुंजण मावळ आणि कानद खोरें हीं वेल्ह्याच्या बाजूस. रायगडापूर्वींची राजधानी राजगड याच वेल्हे तालुक्यांत आहे, आणि २०२४ सालीं शासनानें तालुक्यासच राजगड हें नांव देण्याचा निर्णय घेतला. तेव्हां ही अंगाई ऐकणाऱ्या आमच्या मुलानें असें समजावें कीं त्या रात्रीं निजलेल्यांत त्याचें गांवही होतें.

याहून अधिक जवळचें आहे तें कुसुमाग्रजांचें बाजीप्रभूंवरील गीत. बाजीप्रभु देशपांडे हे भोर तालुक्यांतील शिंद गांवचे, हिरडस मावळच्या बांदल देशमुखांच्या पदरीं असलेले. १६६० च्या जुलै महिन्यांत सिद्दी जौहराचा वेढा चुकवून महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, आणि ते गडावर पोंचेपर्यंत बाजींनीं घोडखिंड रोखून धरिली. कवीनें लढाईचें वर्णन केलेलें नाहीं. अंगाची चाळण झालेला योद्धा, गडावरील तोफेचा आवाज अजून नाहीं, आणि हें रण संपणार तरी केव्हां, असें तो आपल्या प्रभूस विचारतो, एवढेंच त्यांत आहे. हृदयनाथांनीं चालही तशीच संथ, विनवणीची केली आहे. रणगीत म्हणतांच तुताऱ्या व नगारे यांची अपेक्षा करणारा श्रोता येथें क्षणभर गोंधळतो, आणि मग गप्प होतो. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास येथें दाविदाच्या तेराव्या स्तोत्राचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. किती काळ, हा प्रश्न तेथें देवास चार वेळां विचारलेला आहे. गीतांतील प्रभु देव कीं राजा, याची चर्चा वरच्या वर्गांनीं अवश्य करावी.

परंतु गीतांत एकच आवाज आहे, आणि खिंडींत एकच मनुष्य पडला नव्हता. बाजींबरोबर जे लढले त्यांत बांदलांचे लोक पुष्कळ होते, म्हणजे आपल्याच खोऱ्यांतील शेतकऱ्यांचे पूर्वज. त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणत्याही तबकडीवर नाहींत. कविता एकाच्या मुखानें बोलते हा तिचा दोष नव्हे, ती तिची रीत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें मात्र उरलेल्यांची आठवण ठेविली पाहिजे.

याच कारणानें सात वीरांच्या गीताकडेही नीट पाहावें. सेनापति प्रतापराव गुजर हे २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीजवळ बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. राज्याभिषेकास तेव्हां चार महिनेही उरले नव्हते. बहलोलखानास पूर्वीं हातीं आला असतां सोडून दिल्याबद्दल महाराजांचा ठपका त्यांच्या मनास लागला होता. हृदयनाथांची चाल घोड्याच्या टापांच्या वेगानें धांवते, समूहाचा स्वर गायिकेस मागून रेटतो, आणि ऐकणाऱ्यास शंका घेण्यास अवसरच राहत नाहीं. सातच स्वार एवढ्या सैन्यावर गेले, ही कवीची कल्पना तर नसेल ना? तसें नाहीं. मुंबईच्या इंग्रजांसाठीं काम करणाऱ्या नारायण शेणवी याच्या १६७४ मधील पत्रांत, प्रतापराव सहा स्वारांसह दोन डोंगरांमधील अरुंद वाटेंत मारले गेले, असा उल्लेख आहे. मात्र त्या सहा जणांचीं जीं नांवें आज सर्वत्र सांगितलीं जातात, तीं त्या पत्रांत नाहींत. तीं मागाहून आलेलीं आहेत. एकाच गीताच्या पोटीं खरा कागद, लोकांची आठवण आणि कवीची प्रतिभा हीं तिन्ही कशीं एकत्र नांदतात, याचें इतकें चांगलें उदाहरण शाळेच्या अभ्यासासाठीं क्वचितच सांपडेल.

मुद्रिका निघाली त्या काळीं खेड्यांत तबकडी वाजविण्याचें यंत्र असलेलीं घरें फार थोडीं. लोकांस ती ऐकूं आली ती आकाशवाणीवरून आणि उत्सवाच्या ध्वनिक्षेपकांवरून. फितीच्या डब्या स्वस्त झाल्या तेव्हां ती घरांत शिरली, आणि आतां ती मुलांच्या खिशांतील दूरध्वनींत आहे. शाळांच्या संमेलनांतून तिच्यांतील गाण्यांवर नृत्यें व देखावे होतात. त्यांत सर्वांत धावत्या चालीचीं गाणीं निवडलीं जातात आणि बाजीप्रभूंचें गीत बहुधा मागें राहतें, हें मला खटकतें. पुरंदरे २०२१ सालीं आणि लताबाई २०२२ सालीं निवर्तल्या.

इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनीं तालुक्याच्या नकाशावर शिंद, रोहिडा, राजगड व तोरणा हीं ठिकाणें दाखवावीं, आणि नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या काठानें वर सांगितलेलीं पांच मावळें व खोरीं रंगवावीं. नंतर बाजीप्रभूंचें गीत एकदां डोळे मिटून ऐकावें, आणि खिंडींत त्यांच्या शेजारीं उभ्या असलेल्या बांदलांच्या एखाद्या अनाम शिपायानें काय विचारलें असतें, तें दहा ओळींत लिहावें. पालकांनीं घरांतील वृद्धांकडून जुन्या अंगाया म्हणवून घेऊन मुलांकडून त्या उतरवून घ्याव्यात.