दोन दिवसांत संभाजीनगर: काय पाहावे, काय सोडावे?

प्रश्न: शनिवार-रविवार आईला घेऊन ठाण्याहून छत्रपती संभाजीनगरला जायचे आहे. तिचे गुडघे दुखतात. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद हे सगळे दोन दिवसांत होईल का?

उत्तर: होईल, पण आईचे हाल होतील. अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, शिवाय तिथे पायऱ्याही चढाव्या लागतात. या खेपेला ते सोडावे.

शनिवार पूर्ण वेरूळला द्यावा. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. लेणी चौतीस असली तरी आईसाठी सोळावे, म्हणजे कैलास, पुरेसे आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत नेला. आधी कळस, मग पाया. अंगणात निवांत बसून हत्ती न्याहाळावेत. शेजारीच घृष्णेश्वर आहे. दौलताबादची चढण खडी, वाटेत अंधारा भुयारी मार्ग. तो किल्ला रस्त्यावरूनच पाहावा.

रविवार शहराचा. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसवली आणि नहरींनी तिला पाणी दिले. पाणचक्कीत दुरून खापरी नळांनी आलेल्या पाण्यावर पिठाचे जाते फिरे. हे पाहिल्याशिवाय परतू नये. बीबी का मकबरा सकाळीच गाठावा, दुपारी फरशी तापते. नंतर गुलमंडीत फेरफटका, आणि मांसाहार चालत असेल तर नान-खलिया.

पुढे कधी सोमवार-मंगळवार जोडून बेत केलात, तर लक्षात असू द्या: अजिंठा सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी.