आम्ही पाटील, मूळचे मोहिते

१. वाळवा तालुक्यात ‘मी पाटील’ एवढ्यावर भागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठले? आन् मूळचे कोण?’ आम्ही मूळचे मोहिते. ज्या घराकडे पाटीलकीचं वतन, त्या घराचं जुनं आडनाव मागं पडलं. क्रांतिसिंह नाना पाटीलही मूळचे पिसाळ. १९३० च्या चळवळीत उतरण्याआधी ते तलाठी होते. म्हणजे आडनाव पाटलाचं आणि दप्तर तलाठ्याचं!

२. आडनावावरून जात ओळखायला जाऊ नये. नाना मराठा, १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन. मिरज-जतकडे लिंगायत पाटील हवे तेवढे. जैन पाटलांकडे जेवायला बसून ‘रस्सा कधी येणार?’ विचारणारा पाहुणा मी पाहिलाय.

३. सोयरीक जुळवताना आडनाव नव्हे, देवक विचारा. पाटलाची पोर पाटलाच्या घरात सर्रास जाते. माझ्या आत्याचं लग्नानंतर फक्त मधलं नाव बदललं.

४. कागद मात्र आजच बघून ठेवा. आजोबा सातबाऱ्यावर ‘पाटील’, शाळेच्या रजिस्टरात ‘मोहिते’. वारसनोंदीला गेलो तर समोरचा म्हणाला, ‘ही दोन माणसं दिसतात.’ मग प्रतिज्ञापत्र, जुने फेरफार, पंचांचे जबाब. एका फेरफारात, मोडी वळणाच्या अक्षरात ‘मोहिते ऊर्फ पाटील’ सापडलं आणि गाडी पुढं सरकली. तो ‘ऊर्फ’ मी आता मुलांच्या फायलीत वर लावून ठेवलाय. मुलं हसतात. हसू देत.

५. सोसायटीच्या यादीत बापाच्या नावासकट तुमच्यासारखाच दुसरा पाटील असतोच. गाव ‘मळ्यातले’, ‘वरच्या आळीचे’ म्हणून निभावतं. खात्याला आळी कळत नाही. आमचं ऊसबिल एकदा भावकीतल्याच्या खात्यावर पडलं. तो भला, म्हणून मिळालं. बिल आलं की खातेनंबर आधी बघावा.

६. नुसत्या आडनावावर मिशीला पीळ देऊ नये. वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली. पोलीस पाटील १९६७ च्या कायद्यानं नेमले जातात, आडनाव काहीही असो. आमच्या गावच्या पोलीस पाटील एक बाई आहेत, आडनाव पाटील नाही. आम्हीच पाटील, हा दाखला मला त्यांच्याकडूनच घ्यावा लागला.