कोरफडीचा पिवळा चीक

आमच्या पालेगावात टॉवर उभे राहिले तशा गॅलऱ्यांमध्ये कुंड्या आल्या. तुळशीच्या खालोखाल दिसते ती कोरफड. पाणी घालायला विसरलं तरी ती तग धरते. काही दारांवर तर नजर लागू नये म्हणून उलटी टांगलेली असते आणि मातीवाचूनही कितीतरी दिवस हिरवी राहते. असलं गरीब झाड काय अपाय करणार, असं आमच्या मजल्यावरच्या काकांनाही वाटलं.

काकांना मधुमेह आहे, शिवाय रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी. सकाळी फिरून येताना ते एका गाडीवर कोरफडीचा रस घेऊ लागले. गाडीवाला पान सालीसकट मिक्सरला लावायचा. पोट साफ होतंय म्हणून काका खूश. मग जुलाब थांबेनात, पायांत गोळे येऊ लागले आणि एका पहाटे उठताना भोवळ आली. त्यांच्या सूनबाई आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्तातलं पोटॅशियम उतरलं होतं. गोळ्यांची चिठ्ठी बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “सकाळी काय पिता?”

कोरफडीच्या पानात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. मधला पारदर्शक गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. साल आणि गर यांच्यामधून पाझरतो तो पिवळा, कडूजहर चीक. त्यात अ‍ॅलोइन असतं आणि ते जालीम रेचक आहे. लघवीच्या गोळीने पोटॅशियम आधीच कमी होत असतं, त्यात जुलाबांची भर पडली. हाच चीक आटवून काळा बोळ करतात. वैद्य तो मोजूनमापून देतात, ग्लासाने नव्हे. मुलाचं अंगावरचं दूध तोडायला बायका स्तनांना हाच चीक लावत. माझ्या सासूबाई गर काढायच्या आधी कापलेलं पान वाटीत उभं करून चीक निथळू देत, मग धुऊन घेत. मला तो नुसता सोपस्कार वाटायचा.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा चीक काढायला लावला. सालीसकट अख्ख्या पानाच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तो अर्क संशयितांच्या यादीत टाकला. हे सगळं चिकाविषयी, धुतलेल्या गराविषयी नव्हे.

त्वचेसाठी गर चांगलाच. क्ष-किरणांनी भाजलेल्या त्वचेवर तो वापरल्याची नोंद १९३५ची आहे. स्वयंपाकघरात चटका बसला तर आधी वीस मिनिटं नळाखाली हात धरा, मग गर लावा. खोल जखमेला किंवा टाक्यांना मात्र नको. चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. काहींना खाज सुटते. बाजारातलं हिरवंगार जेल हिरवं असतं ते घातलेल्या रंगामुळे. गराला रंग नसतो. डबीमागची यादी वाचा, जास्त असलेला घटक आधी लिहिलेला असतो. बाळाच्या खोकल्यावर भाजलेल्या कोरफडीचा रस मधातून चाटवतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये.

मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, तर रसाचा ग्लास तोंडाला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तो घेऊच नये.