लॅपटॉप कसा जपावा?

लॅपटॉप म्हणजे मांडीवर मावणारा संगणक. नातीच्या शिक्षणासाठी आम्ही तो नवा घेतला. त्याचे नाव मॅकबुक एअर. हा २०२५ साली बाजारात आला. वजन सव्वा किलो. घेतला तेव्हा किंमत जवळजवळ एक लाख रुपये होती! एवढ्यात दुभती म्हैस आली असती. म्हणून त्याला म्हशीसारखेच जपावे लागते, बरं का.

एकदा चार्ज केला, की तो दिवसभर चालतो. वीज गेली, तरी नातीचा अभ्यास अडत नाही.

याच्या आत पंखा नाही. आतली उष्णता पत्र्यातून बाहेर जाते. म्हणून तो गादीवर, गोधडीवर ठेवू नये. टेबलावर किंवा पाटावर ठेवावा. ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच तो वापरावा, असे कंपनी सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. तेव्हा सकाळी नाहीतर रात्री काम करावे. चहापाणी त्याच्यापासून दूर ठेवावे.

यंत्र बिघडले, तर पैसे टाकून दुसरे आणता येते. पण आत लिहिलेले गेले, तर ते कोठून आणणार? सातबाऱ्याची आपण नक्कल काढून ठेवतोच ना? तशीच याचीही नक्कल पेनड्राइव्हवर ठेवावी. आमची नात दर शनिवारी ती करते. मग पेनड्राइव्ह वेगळ्या पेटीत ठेवते.